दांड्यांवरच्या चादरी काढा : आमच्या तालुक्याच्या रुग्ण कल्याण समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
रुग्ण कल्याण समिती, ग्रामीण रुग्णालय,
जिल्हा यवतमाळ

स. न. वि. वि.

तालुक्याचं नाव मुद्दामच लिहिलं नाही. कोणाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, आणि पत्र आपल्याबद्दल आहे हे ज्यांना कळायचं त्यांना लगेच कळेल. तुमच्या दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात, एक्स-रेच्या खोलीपलीकडे, दोन लांब लोखंडी दांड्या आहेत. समोरासमोर, चार खांबांवर, कमरेच्या उंचीच्या. त्यांच्यावर वॉर्डातल्या चादरी वाळत असतात. त्या दांड्या कपडे वाळवायच्या नाहीत. उभं राहता न येणाऱ्या माणसानं त्यांच्यामध्ये उभं राहायचं असतं, दोन्हीकडे हात टेकायचे असतात आणि एकेक पाऊल टाकायचं असतं. हे पत्र त्या दांड्यांबद्दल आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. वय ४७. गेल्या वर्षी तिळसंक्रांत झाल्यावर चौथ्या दिवशी नागपूरला माझ्या मणक्यातली गाठ काढली. त्याला आता सोळा महिने झाले. आज मी हातात काठी घेऊन घरापासून अंगणवाडीपर्यंत जाते आणि परत येते. त्यामुळं मी रडगाणं गाते आहे असं कृपया समजू नका. मी चालते आहे म्हणूनच लिहिते आहे. जे चालले नाहीत ते लिहीतही नाहीत.

माझं दुखणं चपलेपासून सुरू झालं. एका दुपारी मुलांना खिचडी वाढून झाली, ताटल्या मोजून ठेवल्या आणि मी बाहेर निघाले, तर चार वर्षांची एक पोरगी मागून ओरडली, "बाई, तुमची एक चप्पल आतच राह्यली." मी खाली पाहिलं तेव्हा पाय उघडा दिसला. मे महिन्याचं तापलेलं अंगण होतं, आणि तिनं सांगेपर्यंत मला पत्ता नव्हता. आम्ही दोघी हसलो. नंतर चप्पल रोजच सुटायला लागली, तेव्हा मी मागं पट्टा असलेली सँडल घेतली आणि प्रश्न मिटला असं समजले.

आपल्याकडे मानेपासून कमरेपर्यंत काहीही दुखलं की त्याला एकच नाव असतं, गॅप. मणक्यात गॅप आहे म्हटलं की सांगणारा मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याचंही समाधान होतं. माझाही गॅपच होता. एक्स-रे झाला, पट्टा झाला, इंजेक्शनं झाली, नस बसवणाऱ्या बाबाकडे दोन रविवार झाले. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. हाडांच्या आतून जाणारा मज्जारज्जू त्यात दिसत नाही, आणि त्याला दाबणारी गाठही बहुधा दिसत नाही. हे मला आठ महिन्यांनी कळलं. तोवर बरगड्यांखाली कोणी नवार करकचून आवळावी तसं वाटायला लागलं होतं, पाय लाकडासारखे ताठ व्हायचे, आणि शेवटी लघवी लागलेली कळेनाशी झाली. मग एमआरआय झाला. छातीच्या मागच्या आठव्या मणक्याच्या पातळीला गाठ होती. मज्जारज्जूच्या वरच्या आवरणातून वाढलेली. तिला मेनिंजिओमा म्हणतात. ती कर्करोगाची नव्हती. अशी गाठ बायकांत जास्त दिसते, पाठीच्या याच भागात जास्त दिसते, आणि वाढते इतकी सावकाश की माणूस तिच्या वाढीला स्वतःचं वय समजत राहतो.

ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं. एक पैसा लागला नाही, हे मी इथं ठळकपणे सांगते, कारण योजनेच्या नावानं बोटं मोडणारे पुष्कळ आहेत. आता तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. पण डिस्चार्जनंतरची तपासणी आणि औषधं त्यात दहा दिवसांची असतात. गाठ काढायला नागपूरच्या डॉक्टरांना साडेचार तास लागले. चालायला मला सात महिने लागले. ते सात महिने कोणत्याच कागदात बसत नाहीत.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले, पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि विचारलं, "आता वर आहे का खाली?" मी अंदाजानं सांगत गेले. पाच वेळा विचारलं, त्यात तीनदा चुकले. ते म्हणाले, दाब काढलेला आहे, नसा दबल्या होत्या, त्या सावरतील. पहिले सहा महिने सगळ्यात जास्त सावरतात, पुढंही हळूहळू वर्ष-दोन वर्षं सुधारणा होत राहते, पण पाय आपोआप चालणार नाहीत, त्यांना शिकवावं लागेल. नागपूरला आठ दिवस एका मुलीनं मला शिकवलं. फिजिओथेरपिस्ट. माझ्या पोरीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. तिनं मला अशाच दोन दांड्यांमध्ये उभं केलं. पाय जमिनीला टेकला की टाच आपली आपण टकटक करायला लागायची, शिलाई मशीनच्या पायडलासारखी, थांबवता यायची नाही. ती म्हणायची, "घाबरू नका काकू, वजन टाका, थांबेल." वजन टाकलं की थांबायची. मग सुट्टी झाली. तिनं पोराच्या मोबाईलमध्ये व्यायामाचे पाच व्हिडिओ करून दिले आणि म्हणाली, जवळच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी दाखवत जा.

जवळचा दवाखाना म्हणजे तुमचा.

फेब्रुवारीत लघवीची नळी काढायला मला तुमच्याकडे आणलं, तेव्हा स्ट्रेचरवरून मी त्या दांड्या पाहिल्या. मी आमच्या घरच्यांना म्हटलं, अहो, हे तर तेच आहे. सिस्टरला विचारलं. त्या बिचाऱ्या फार चांगल्या बोलल्या. "ते लय दिवसाचं हाये बाई. थेरपीवाले होते पहिले, ते गेले. आता कोणी नाई." एवढंच. मी सिस्टरना दोष देत नाही. तीस खाटांचा दवाखाना, पाऊस असो की ऊन, चादरी धुवाव्या लागतात आणि वाळवाव्या लागतात. फक्त एक सांगते, आपल्या विदर्भात मे महिन्यात चादर वाळवायला छप्पर लागत नाही.

घरच्यांनी मग एक केलं. खिशातून सुतळी काढली, दांड्यांची लांबी मोजून गाठ मारली, दोघींमधलं अंतर मोजून दुसरी गाठ, उंची मोजून तिसरी. चादर बाजूला सारून मोजत होते तर शिपाई धावत आला, चोर आहे की काय म्हणून. त्या सुतळीवरून आमच्या अंगणात दोन बांबू बसले, निंबाच्या झाडापासून न्हाणीपर्यंत. बांबूची फास हाताला लागू नये म्हणून त्यांनी त्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. उंची मात्र चुकली होती. दवाखान्यातल्या दांड्या उंच माणसाच्या मापाला लावलेल्या होत्या, मी ठेंगणी. हात टेकल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहावं लागतं, माझे खांदे कानाला लागायचे. दोन दिवसांनी पोरानं नागपूरला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा हे समजलं आणि बांबू वीतभर खाली आले.

या दिवसांत माझी खरी सिस्टर म्हणजे माझ्या सासूबाई. ७२ वर्षांच्या. दर दोन तासांनी मला कुशीवर वळवायचं, पाठीला फोड येऊ द्यायचा नाही, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं. शेजारची एक बाई म्हणाली, रात्री कशाले उठता, झोपू द्या तिले. तर म्हणाल्या, "वो, गाय बसली त आपण तिलेबी कूस बदलवतो, हे त माणूस हाये." ज्या घरात सासूबाई नाहीत तिथं काय होतं ते मी माझ्या कामामुळं पाहिलेलं आहे. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

मी रजिस्टरची माणूस. वजन-उंचीच्या एका जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी होती, त्यात लिहायला लागले. १९ फेब्रुवारी : चार पावलं, दोन्ही हात. २५ फेब्रुवारी : निंबापासून न्हाणीपर्यंत, मध्ये एकदा बसले. ३ मार्च : पडले, डावीकडे, लागलं नाही. १२ मार्च : जाऊन येऊन तीनदा. आकडे वाढत होते आणि मी खूश होते. गावातले लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, मणक्याच्या ऑपरेशनवाला उठत नाही म्हणतात, ही त चालून राह्यली. मी आणखी जोरात चालून दाखवायचे.

एप्रिलमध्ये नागपूरला तपासणीला गेले. त्याच मुलीपुढं चालून दाखवलं, शाबासकीच्या अपेक्षेनं. तिनं सहाव्या पावलाला थांबवलं. म्हणाली, "काकू, तुम्ही चालत नाही आहात, तुम्ही गुडघ्यावर टेकता आहात." मांडीत जोर कमी असला की माणूस नकळत गुडघा मागच्या बाजूला ताणतो आणि त्या अडकणीवर उभा राहतो. दिसायला पाय सरळ दिसतो. प्रत्यक्षात गुडघ्याच्या मागचे बंध रोज थोडे थोडे ढिले होत असतात. माझी दोन महिन्यांची वाढती आकडेवारी ही चुकीच्या चालण्याची आकडेवारी होती. मग सगळं मागं. बांबूतलं चालणं बंद. स्टुलाखाली विटा ठेवून उंच करायचं, हात न लावता उठायचं, बसायचं, गुडघा थोडा वाकलेला ठेवून थांबायचं. दर आठवड्याला एक वीट कमी. लागलेलं ते चुकीचं वळण सोडायला सात आठवडे गेले.

आता हिशेब करा. सगळ्यात जास्त सावरायचे म्हणून जे सहा महिने सांगितले होते, त्यातले जवळजवळ चार मी चूक शिकण्यात आणि चूक विसरण्यात घालवले. आणि ती चूक पकडायला तिला किती वेळ लागला? सहा पावलं. फेब्रुवारीत कोणी तुमच्या व्हरांड्यात उभं राहून माझ्याकडे पाच मिनिटं पाहिलं असतं, तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

यवतमाळला का गेली नाही, असं तुमच्यापैकी कोणी विचारेल. आमच्या गावापासून यवतमाळ ४६ किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. पण एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते, आणि ज्या बाईला उंबरठा ओलांडताना डाव्या पायाचा चवडा हातानं उचलून ठेवावा लागतो तिला पूर्ण तिकीट माफ केलं तरी ती पायरी माफ होत नाही. गाडी केली तर जाऊन-येऊन अठराशे. मी चारदा केली. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे होते ते त्यात गेले. पाचव्या वेळेस मीच नको म्हटलं.

पावसाळ्याबद्दल एक सांगते, कारण शहरातल्या पुस्तकात हे नसतं. वॉकरच्या, म्हणजे धरून चालायच्या चौकटीच्या, चार पायांना रबरी बुचं असतात. आपल्या काळ्या मातीत जूनच्या पहिल्या पावसानंतर ती बुचं रुततात, वॉकर उचलला की माती घेऊन वर येतात, दहा पावलांत प्रत्येक पायाला लाडवाएवढा गोळा. वजन दुप्पट. एक बूच तर चिखलातच राहिलं, चपलेसारखं. नवीन बूच तालुक्यात एकाही मेडिकलवर मिळालं नाही, शेवटी सायकलवाल्यानं ट्यूबचा तुकडा बांधून दिला. आणि रात्री लाइन गेली की माझे पाय जातात. पाय कुठं पडला हे मला अजून पायानं कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि मी सरळ हंड्यावर गेले, हे जुलैत झालं. आता मी बसून तोंड धुते. ही साधी गोष्टसुद्धा मला पडल्यावर कळली. शिकवणारा असता तर आधी कळली असती.

तान्ह्या पोळ्याला मी पहिल्यांदा अंगणवाडीपर्यंत गेले. पोरं चाकाचे लाकडी बैल ओढत होती, त्यांच्या रांगेत माझा वॉकर. एकानं माझ्या वॉकरच्या दांडीला झुली म्हणून बेगड चिकटवली. ती अजून आहे. २१० पावलं. रजिस्टरमध्ये त्या दिवशीच्या ओळीत मी आकड्यापुढं काही लिहिलेलं नाही.

आता मागणं. पद मंजूर नाही, हे उत्तर मला पाठ आहे, तेव्हा पद मागतच नाही. आठवड्यातला एक दिवस मागते, बुधवार. बुधवारच का, तर त्या दिवशी बाजार असतो. चाळीस गावांतून ऑटो, टेम्पो, काळीपिवळी येतात, आणि दुसऱ्या कोणत्याही दिवशी पेशंट आणायला वेगळी गाडी करावी लागते. बुधवारी तो कांद्याच्या पोत्याशेजारी बसून येऊ शकतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक फिजिओथेरपिस्ट भेटीच्या मानधनावर सकाळी दहा ते दोन बसला, तरी पुष्कळ झालं. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून तुमच्यासारख्या समित्या उभ्या राहिल्या, आणि अबंधित निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीनंच ठरवायचा पैसा, तुमच्या हातात दिला तो स्थानिक गरज स्थानिक माणसांनी ओळखावी म्हणूनच. मागच्या वर्षी दवाखान्याच्या कमानीला रंग दिलात. छान दिसते. मी तिच्याखालूनच स्ट्रेचरवर गेले होते.

हे जमत नाही असं म्हणू नका, कारण जमलेलं मी पाहिलेलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. तेव्हापासून डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा माझ्या अंगणवाडीत येतं. मी पोरांची यादी तयार ठेवते, ते तपासतात, ज्याला पुढं पाठवायचं त्याला पाठवतात. गावोगाव गाडी फिरू शकते, तर एक माणूस आठवड्यातून एकदा एका जागी येऊ शकतो. यादी मी तयार ठेवीन. माझ्या एकटीच्या ओळखीत अकरा नावं निघाली : लकवा मारलेले पाच, मांडीचं हाड मोडलेल्या तीन म्हाताऱ्या, चिंचेवरून पडलेला एक पोरगा, मोटारसायकलवरून पडलेला एक, आणि एक माझ्यासारखाच, मणक्याच्या ऑपरेशनचा, ज्याचे घरचे म्हणतात आता हा असाच राहणार. त्याच्या ऑपरेशनला तीनच महिने झालेत. त्याच्यासाठी मी घाई करते आहे.

आणि बुधवारी येणाऱ्या माणसानं जाण्याआधी अर्धा तास आशाताईंना बसवून घ्यावं. कूस कशी बदलायची, वॉकरची उंची कशी लावायची, गुडघा मागं जातो आहे हे कसं ओळखायचं. आशाताई कामांनी वाकलेल्या आहेत हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? पण त्या तशाही त्या घरात जातातच. जाऊन नुसतं "कसं आहे" विचारण्यापेक्षा गुडघ्याकडे पाहतील.

तुमच्या बैठकीची तारीख मला माहीत नाही, म्हणून बुधवारीच येते आहे. उत्तर मागायला नाही. दांड्यांची उंची बदलायचे चार स्क्रू आहेत, ते गंजून बसलेत, मी त्या दिवशीच पाहिलं होतं. घरचे पाना आणि रॉकेलची बाटली घेऊन सोबत येतील. शिपायाला तेवढं सांगून ठेवा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका